पहिली गोधडी, स्वतःसाठी, हातशिलाईची

गोधडी शिवायचीय म्हटलं की सगळे आधी शिलाई मशीनची चौकशी करतात. पहिल्या गोधडीला मशीन नकोच असं माझं स्पष्ट मत आहे. मशीनवर वाकडी गेलेली शिवण लक्षात येईपर्यंत दोन फूट पुढे पोचलेली असते, हाताने शिवताना ती दुसऱ्या इंचालाच कळते आणि उसवायला अर्धं मिनिट लागतं. शिवाय मशीन एका जागी असतं, हातातली गोधडी तुमच्या मांडीवर असते, टीव्ही बघता बघता, गप्पा मारता मारता चार टाके होतात.

आणि पहिली स्वतःसाठीच करा बरं का. भेट द्यायची म्हटलं की तारीख आली, समोरच्याची आवड आली, टाके मोजणारी नणंद आली. स्वतःची असली की वेळ आपला, माप आपल्या अंगाचं आणि चुका कुणाला दाखवायच्या नाहीत. मला रोज रात्री तासभर बसून साडेचार महिने लागले, तुम्हाला कमी लागतील किंवा जास्त, त्याने काही बिघडत नाही.

आधी माप. बाजारातल्या सिंगल-डबल साइजच्या भानगडीत पडू नका, जमिनीवर आडवं व्हा, जसे झोपता तसेच, आणि कुणाला तरी टेप धरायला सांगा. माझी उंची ५ फूट ३ इंच, म्हणजे ६३ इंच. मला डोक्यावरून ओढून घ्यायची सवय आणि पायाशी खोचायला पण हवी, म्हणून १५ इंच वाढवले, ७८ झाले. रुंदी ५४ घेतली, कुशीवर वळलं तरी पाठ उघडी पडत नाही. तयार चौकोन ६ इंचाचा धरला की रुंदीत ९ आणि लांबीत १३ बसतात, एकूण ११७. आता पुढे सगळा हिशोब याच मापावर सांगते, तुमचं माप वेगळं आलं तर ६ ने भाग जाईल असं जवळचं घ्या म्हणजे झालं. ११७ आकडा बघून घाबरायचं कारण नाही, बसल्या बसल्या रोज चारपाच जोडले तरी महिन्याभरात वरचा थर तयार होतो.

गोधडीचे थर तीन. वरचा ठिगळांचा, मधला उबेचा, खालचा अस्तराचा. हे तिन्ही एकत्र धरून ठेवणारा धावदोरा, सुई खालीवर करत घातलेले साधे टाके, म्हणजे खरी गोधडी, बाकी सगळी त्याची तयारी.

कापडाबद्दल एकच हट्ट धरा, सगळं सुती आणि साधारण एकाच जाडीचं हवं. जीन्सच्या शेजारी मलमल लावलीत तर जीन्स तशीच राहते आणि मलमल दोनचार धुण्यात तिच्या कडेने फाटते. टी-शर्टचं होजिअरी कापड ताणलं जातं, पहिल्या वेळी त्याच्या वाटेला जाऊ नका. जुने शर्ट, कुर्ते, चादरी, सुती साड्या उत्तम, कारण त्या आधीच धुऊन धुऊन मऊ झालेल्या आणि आटायच्या तेवढ्या आटलेल्या असतात. फक्त विरलेला भाग घेऊ नका. उजेडासमोर धरा, जाळी दिसली की तो तुकडा बाद, कितीही लाडका असला तरी. मोठ्या शर्टाच्या पाठीतूनच बाराएक चौकोन निघतात, पुढचे भाग आणि बाह्या धरून वीसेक होतात. कॉलर, कफ, खिसा सोडून द्या. नवीन कापड घ्यायचं असेल तर ४४ इंच पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, एका मीटरमधून ३६ चौकोन बसतात, म्हणजे ११७ ला साडेतीन मीटर पुरतं.

सुती आहे की नाही कळत नसेल तर कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. सुताचा कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख पडते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पाणी जवळ ठेवा, उगाच प्रयोग नको.

आता धुणं. नवं असो वा जुनं, सगळं कापड कापायच्या आधी धुवायचं. मी हे अर्धवट केलं. एक गडद लाल कुर्ता होता, वर्षभर वापरलेला, म्हटलं याचा काय रंग जाणार. आख्खी गोधडी झाल्यावर पहिल्या धुण्यात त्याने शेजारचे चारही पांढरे चौकोन गुलाबी केले. अजून आहेत ते, मधोमध, फुलासारखे दिसतात असं मी लोकांना सांगते. तर लाल, मरून, गडद निळा, काळा यांची परीक्षा घ्या. ओल्या पांढऱ्या फडक्याने तो कपडा जोरात घासा, फडक्याला रंग लागला तर दोनतीनदा वेगळं धुवा आणि तरीही लागत असेल तर तो कपडा सोडा.

सामान फार नाही. हाताने जोडकाम करायला बारीक सुया, सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक हे लक्षात ठेवा, ८ किंवा ९ नंबरने सुरुवात करा. थर शिवायला आखूड सुई घ्या, लांब सुई तीन थरांत वाकते. सुती दोरा, टाचण्या, शंभराचा डबा, आणि त्या मोजून ठेवा, का ते शेवटी सांगते. अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायला बोटावर घालायची टोपी, पाहिजेच. सुरुवातीला बोटात बादली अडकवल्यासारखं वाटतं, चार दिवसांत सवय होते, आणि न वापरता तीन थर शिवलेत तर मधल्या बोटाला जे भोक पडतं त्याने पुढचे आठ दिवस भाजी चिरता येत नाही. इस्त्री, पेन्सिल, पट्टी, चांगली कात्री. ती कात्री फक्त कापडाला ठेवा, घरातल्यांना कागद कापू देऊ नका.

कापणं. इथे बहुतेक जण चुकतात. ६ इंचाचे चौकोन कापतात आणि मग शिवल्यावर गोधडी छोटी का झाली म्हणून बघत बसतात. शिवणीत चारही बाजूंनी पाव पाव इंच जातं, त्यामुळे ६ इंच कापलेला चौकोन साडेपाचचा होतो. आपल्या ९ चौकोनांत साडेचार इंच गेले आणि १३ मध्ये साडेसहा, म्हणजे पाय उघडे.

हातशिलाईची मजा अशी की कापायची रेघ चुकली तरी चालतं, शिवायची रेघ बरोबर हवी. म्हणून मी असं करते. जाड पुठ्ठ्याचा बरोब्बर ६ बाय ६ चा साचा कापायचा. कापड उलटं करून पसरायचं, खाली बारीक पॉलिश पेपर ठेवायचा, म्हणजे ते सरकत नाही. साचा ठेवून चारी बाजूंनी पेन्सिलने रेघ. ही शिवायची रेघ. मग तिच्या बाहेर पाव इंच अंदाजाने सोडून कापा, इकडे तिकडे झालं तरी हरकत नाही. दोन साच्यांमध्ये अर्धा इंच सोडायला मात्र विसरू नका. पुठ्ठ्याचे कोपरे तीसचाळीस चौकोनांनंतर बोथट होतात आणि मग चौकोन नकळत लहान व्हायला लागतो, तेव्हा साचा नवा कापा, तोही पहिल्या मापावरून, झिजलेल्या साच्यावरून नाही. साच्याची बाजू कापडाच्या धाग्याला समांतर ठेवा. तिरकं म्हणजे उरेब कापलं तर ते ताणलं जातं आणि कोपरे जुळत नाहीत. गडद कापडावर पांढरी पेन्सिल घ्या. इस्त्रीने पुसले जाणारे पेन मिळतात ते मोहक आहेत पण त्यांच्या रेघा थंडी लागली की परत उगवतात, म्हणून माझा त्यांच्यावर भरोसा नाही.

सगळे ११७ झाले की जमिनीवर मांडा. इथे घाई करू नका, दोन दिवस मांडलेलं राहू दे, येता जाता सरकवा. रंग जुळतात का यापेक्षा फिकट आणि गडद कसे पसरलेत ते बघा, सगळे गडद एका कोपऱ्यात गोळा झाले की गोधडी तिकडे कलल्यासारखी दिसते. मोबाइलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा, लगेच दिसतं. मन भरलं की रंगीत फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे एकावर एक ठेवून वर चिठ्ठी टाचा, ओळ १, ओळ २ अशी. मांजर किंवा लहान मूल असेल तर हे त्याच दिवशी.

जोडकाम सोपं आहे. दोन चौकोन सुलट्या बाजू आत करून एकमेकांवर ठेवा. एका कोपऱ्यात जिथे पेन्सिलच्या रेघा मिळतात तिथे टाचणी आरपार घाला आणि ती पलीकडच्या चौकोनाच्याही कोपऱ्यातूनच बाहेर येते का बघा. दुसऱ्या कोपऱ्यात तसंच, मग मध्ये एक. दोरा घ्या हातभर, साधारण १८ इंच, याच्यापेक्षा लांब घेतला तर वेळ वाचत नाही, उलट गुंतून गाठी होतात आणि कापडातून ओढून ओढून तो विरतो. रिळाचं जे टोक आधी सुटतं तेच सुईत ओवा, कमी पीळ खातो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढला तर आणखी चांगलं. एकेरी दोरा, शेवटाला छोटी गाठ.

पहिला टाका कोपऱ्यात, एक उलटी टीप, म्हणजे एक टाका मागे घेऊन पुढे यायचं, मग बारीक धावदोरा, इंचाला सातआठ टाके. चारपाच टाके सुईवर घेऊन मग ओढायची. दर दीडदोन इंचाला एक उलटी टीप मारा म्हणजे एखादा टाका तुटला तरी पूर्ण शिवण उसवत नाही. मधूनमधून मागची बाजू उलटून बघत रहा, पुढे रेघेवर आणि मागे भलतीकडे असं होतं, माझं अजूनही होतं. शेवटी दोनतीन उलट्या टिपा. ओळीतले ९ चौकोन असे जोडा, मग इस्त्री, शिवणीचं मार्जिन एकाच बाजूला दाबायचं. उघडून दोन्हीकडे नाही, हातशिलाईला ते कमजोर पडतं. पहिल्या ओळीचं मार्जिन डावीकडे, दुसऱ्या ओळीचं उजवीकडे, तिसऱ्या ओळीचं परत डावीकडे. असं केलं की दोन ओळी जोडताना शिवणी एकमेकींत खाचेसारख्या बसतात, बोटांना जाणवतं ते, खट्कन थांबतं, आणि चौकोनाचे कोपरे आपोआप जुळतात. इस्त्री घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची. ओळीला ओळ जोडताना प्रत्येक शिवणीशी टाचणी लावा. काही कोपरे तरी एकदोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) इकडे तिकडे होणारच. पाव इंचाच्या वर हुकला असेल तर उसवा, नाहीतर सोडून द्या, पांघरल्यावर कुणी फूटपट्टी घेऊन येत नाही.

मधल्या थराला तयार बॅटिंग, म्हणजे कापसासारख्या मऊ भरणाचा सलग थर, मिळतं, सुती घ्या. ते पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटतं, म्हणजे ७८ इंचात दोनतीन ते चार इंच, ज्यांना चुण्यांचा तो जुना लूक आवडतो त्यांनी काही करू नका. मला विचाराल तर पहिल्या वेळी जुनी मऊ चादर किंवा पातळ ब्लँकेट घाला. सुई लोण्यातून गेल्यासारखी जाते, थर सरकत नाही, आणि कापूस एका जागी गोळा होण्याचा प्रश्नच नाही. फार जाड घालायचा मोह होतो, पण जाड म्हणजे मोठे टाके आणि दुखरी बोटं.

अस्तर चारही बाजूंनी ४ इंच मोठं, आपल्या मापाला ६२ बाय ८६. मधला थर दोनतीन इंच मोठा. घट्ट विणीचं कापड अस्तराला नको, चादरी काही काही इतक्या घट्ट असतात की सुई आत जायला नकार देते, दुकानातच एक टाका घालून बघता आला तर बघा.

आता थर लावायचे. सगळ्यात कंटाळवाणं काम आणि सगळ्यात महत्त्वाचंही हेच, इथे जी सुरकुती राहिली ती कायमची. फरशी स्वच्छ पुसा, सतरंजी, गालिचा काही नको. अस्तर उलटं पसरा, चारही बाजू चिकटपट्टीने फरशीला चिकटवा, सपाट हवं पण ताणलेलं नको, ताणलंत तर पट्टी काढल्यावर ते आकसतं आणि वर चुण्या येतात. त्यावर मधला थर, मधून कडेकडे हाताने सारवल्यासारखा फिरवत. त्यावर ठिगळांचा थर, सुलटी बाजू वर. मग मध्यापासून सुरू करून लांब लांब कच्चा धावदोरा, टाका बोटभर चालेल, आधी एक उभी ओळ, मग आडवी, मग वीतभरापेक्षा कमी अंतराने, साधारण चार चार इंचांवर, पूर्ण जाळी. वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, नंतर काढायला दिसतो. मी पहिल्या वेळी फरशी गार लागते म्हणून खाली सतरंजी घातली आणि दीड तास गुडघ्यावर बसून सतरंजीसकट शिवली. उचलायला गेले तर सगळंच उचललं गेलं.

मग खरा धावदोरा. कुठे मारायचा? सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ, दोन्ही दिशांनी. काही आखावं लागत नाही, कागदी चिकटपट्टी कोपऱ्यावरून कोपऱ्याला लावा आणि तिच्या कडेने शिवत जा, पट्टी रात्रभर ठेवू नका, चिकट राहतं. ६ इंचाच्या चौकोनांवर या रेघांमध्ये सव्वाचार इंचांचं अंतर पडतं, चादरीच्या थराला पुरेसं आहे. बॅटिंग असेल तर दोन रेघांत जास्तीत जास्त किती अंतर चालतं ते पाकिटावर लिहिलेलं असतं, ते बघूनच ठरवा. मध्यापासून बाहेर जायचं, कायम. कडेपासून आत आलात तर फुगा मध्ये साचतो.

सुरुवातीची गाठ लपवायची कशी ते एकदा जमलं की मजा येते. दोऱ्याला साधी छोटी गाठ. जिथून सुरू करायचं त्याच्या इंचभर अलीकडे सुई फक्त वरच्या कापडातून आणि मधल्या थरातून घाला, अस्तरात नाही, आणि सुरुवातीच्या जागी बाहेर काढा. दोरा हलकेच ओढा, गाठ वर अडते. आता एक छोटासा हिसका, टप् असा अगदी बारीक आवाज येतो आणि गाठ आत. जोरात ओढलंत तर दुसरीकडून बाहेर येते, हलकं ओढलंत तर आत जातच नाही, आठदहा वेळा चुकलं की हाताला कळतं. शेवटाला पण असंच, कापडालगत गाठ मारून आत ओढायची आणि दोरा पुढे इंचभर काढून कापायचा.

एक हात वर, एक हात खाली. खालच्या हाताच्या बोटाला सुईचं टोक जेमतेम लागलं की सुई आडवी करून टोक वर काढायचं, परत उभी करून खाली, असे दोनतीन टाके सुईवर आले की अंगुस्तानाने ढकलून ओढायची. सुई झुलते तशी. पहिल्या दिवशी इंचाला चारपाच टाके बसले तरी पुष्कळ झालं, मुरलेल्या हातांचे दहाबारा बसतात. टाके लहान असण्यापेक्षा सारखे असण्याकडे लक्ष द्या. जिथे चार चौकोनांचे कोपरे मिळतात तिथे जाडी खूप असते आणि आपली तिरकी रेघ नेमकी तिथूनच जाते, तिथे झुलवत बसू नका, सुई सरळ खाली, सरळ वर, एकेक टाका घ्या. भरतकामासारखी कापड पकडायची गोल रिंग वापरत असाल तर कापड ढोलासारखं ताणू नका, थोडं सैल हवं, नाहीतर सुई झुलत नाही, आणि उठताना रिंग काढून ठेवा, वळ पडतो.

मध्ये कधीतरी हे संपणारच नाही असं वाटतं. मी तेव्हा तीन आठवडे गुंडाळून कपाटावर ठेवली होती. परत काढल्यावर टाके आधीपेक्षा सारखे यायला लागले, का ते मला माहीत नाही.

सगळा धावदोरा झाला की कच्चे टाके काढा, कडा सरळ कापा आणि काठाला पट्टी लावा. घेर २६४ इंच, वर बारा इंच जोडासाठी. ४४ इंच पन्ह्यातून अडीच इंच रुंदीच्या ७ पट्ट्या पुरतात, म्हणजे अर्धा मीटर कापड. पट्ट्या जोडून लांब करा, मधोमध उभी दुमडून इस्त्री करा. सुट्या कडा गोधडीच्या कडेला मिळवून पुढून पाव इंचावर शिवा, कोपरा आला की पाव इंच आधी थांबा, पट्टी सरळ वर दुमडा, मग खाली घडी घालून पुढच्या बाजूला वळवा, तिथे छोटं त्रिकोणी पाखरू तयार होतं, ते शिवायचं नाही. मग पट्टी मागे वळवून तुरपाई, म्हणजे पुढून न दिसणारे बारीक टाके. एवढं नको असेल तर कडा कापताना अस्तर लगोलग कापू नका, ते चार इंच मोठं आहेच, इंचभर ठेवून कापा, दोनदा दुमडून पुढे आणा आणि तुरपा. लवकर होतं. पण गोधडीची कड सगळ्यात आधी झिजते, वेगळी पट्टी असली की पाचसहा वर्षांनी नुसती पट्टी बदलता येते.

मागच्या कोपऱ्यात आपलं नाव आणि साल धाग्याने भरून टाका.

धुताना गार पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही. ओली गोधडी प्रचंड जड होते, दोन कोपऱ्यांनी दोरीवर लटकवली तर त्या वजनाने टाके तुटतात, दोन दोऱ्यांवर आडवी पसरा, सावलीत.

आणि पांघरायच्या आधी त्या टाचण्या. डब्यातल्या मोजा, मग गोधडी टेबलावर पसरून दोन्ही बाजूंनी हाताचा तळवा दाबत फिरवा, घरात चुंबक असेल तर तोही फिरवा. माझ्या डब्यात ९९ होत्या. म्हटलं पडली असेल कुठेतरी, आणि शंभरावी तिसऱ्या रात्री टाचेला सापडली.